कर्ता हरवलेली धून : वॉल्टर कॉफमन यांचे निर्वासन आणि संगीतकृतीची संकल्पना

पहाटे नभोवाणी केंद्र सुरू होण्यापूर्वी एक धून वाजते. तंबोऱ्याचा झंकार आणि त्यावर व्हायोलिनने घेतलेली एक छोटी, किंचित उदास, पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन थांबणारी सुरावट. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून या शहरातल्या किमान दोन पिढ्यांची सकाळ या धुनेने उघडली. ती मुद्दाम कोणी ऐकली असे म्हणता येणार नाही. बंब पेटवताना, दूध तापवताना ती कानांवर पडत राहिली. तिचा राग कोणता, असे कधीकधी विचारले गेले. ती कोणाची, हे मात्र सहसा कोणी विचारले नाही. सनई कोणाची, भूपाळी कोणी गायिली, याविषयी तावातावाने बोलणाऱ्या पुणेकर रसिकांनाही हा प्रश्न पडू नये, याचे मला बरेच दिवस नवल वाटत आले आहे.

ही धून वॉल्टर कॉफमन यांची, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. ती १९३६ची समजली जाते. तिचे श्रेय अधूनमधून इतरांनाही दिले गेले आहे, आणि ही संदिग्धता या लेखाच्या दृष्टीने गौण नाही. कॉफमन हे युरोपीय संगीतातील आधुनिकतेच्या वातावरणात घडलेले, नाझी राजवटीमुळे परागंदा झालेले आणि १९३४ ते १९४६ अशी बारा वर्षे मुंबईत काढलेले ज्यू संगीतकार. ज्या परंपरेत रचनेला क्रमांक असतो, तारीख असते, आणि रचनाकाराची सही हा रचनेचाच एक भाग मानला जातो, त्या परंपरेतला हा माणूस. त्याची सर्वाधिक ऐकली गेलेली रचना निनावी ठरावी आणि ज्यांवर त्याने सही केली त्या रचना कोणीच ऐकू नयेत, याला केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येत नाही. 'कृती' म्हणजे काय आणि 'कर्ता' म्हणजे कोण, या साहित्यमीमांसेतल्या जुन्या प्रश्नाचा हा एक विलक्षण दाखला आहे, आणि तो आपल्या अंगणात घडलेला आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७चा, बोहेमियातील कार्ल्सबाडचा. बर्लिनच्या संगीतविद्यालयात फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचनेचे शिक्षण आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे तुलनात्मक संगीतशास्त्राची ओळख, ही त्यांच्या घडणीची दोन अंगे होत. श्रेकर हे त्या काळातले आघाडीचे ऑपेराकार, ध्वनिरंगांच्या बेभान मिश्रणासाठी ख्यात आणि म्हणूनच पुढे नाझींनी 'विकृत' ठरवलेले. झाक्स यांनी जगभरच्या वाद्यांचे वर्गीकरण मांडले. म्हणजे शिष्याच्या एका कानात युरोपीय स्वरसंहतीचा शेवटचा, पिकून फुटण्याच्या बेतात असलेला टप्पा होता, तर दुसऱ्या कानात युरोपबाहेरच्या संगीताचे कुतूहल. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी माहलरच्या सिंफनींवर प्रबंध सिद्ध केला. पण आपले मार्गदर्शक गुस्ताव बेकिंग हे स्थानिक नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत असे कळताच त्यांनी पदवी स्वीकारायचे नाकारले. प्रबंधांच्या दुनियेत वावरणाऱ्या आपल्या वाचकांना या नकाराची किंमत वेगळी सांगायला नको.

१९३४च्या फेब्रुवारीत ते मुंबईस आले. भारतच का, याची कारणे त्यांनी स्वतः फार काव्यमय करून सांगितलेली नाहीत. येथील प्रवेशपत्र सहज मिळाले, हे त्यांतले एक. येथील संगीताच्या तबकड्या प्रथम ऐकल्या तेव्हा ते त्यांना परके आणि दुर्बोध वाटले होते. तथापि ज्या संगीतावर कोट्यवधी माणसे जीव टाकतात ते निरर्थक असणे शक्य नाही, तेव्हा दोष आपल्या कानांचा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मला हा निष्कर्ष त्यांच्या सगळ्या चरित्रातला सर्वांत आधुनिक क्षण वाटतो. दुर्बोधता हा ग्राहकाच्या तयारीचा प्रश्न आहे, हे त्या काळच्या युरोपातील नवे कलावंत आपल्या कलेच्या समर्थनार्थ सांगत होते. कॉफमन यांनी तो युक्तिवाद स्वतःच्या विरुद्ध वापरला.

वॉर्डन रोडलगतच्या रेवा हाउसमध्ये ते राहत. आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे कार्यक्रम होत, आणि मे १९३७पर्यंत त्यांची संख्या १३६वर गेली होती. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा अशी ही त्रयी होती. मेहली मेहता पुढे झुबिन मेहता यांचे वडील म्हणून अधिक ओळखले गेले, हा त्यांच्यावरचा अन्यायच. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही कॉफमन यांनी संगीत दिले. १९३७पासून १९४६पर्यंत ते नभोवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते.

घरच्या बाजूने त्यांचे नाते आपल्या वाङ्मयीन कुतूहलाला थेट भिडणारे आहे. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्का यांच्या एली या बहिणीची मुलगी. काफ्कांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हत्याकांडात बळी पडल्या. काफ्कांची मिलेनाला लिहिलेली पत्रे १९५२ साली संपादून प्रसिद्ध करणारे विली हास हेदेखील युद्धकाळात मुंबईतच होते आणि भवनानींसाठी चित्रकथा लिहीत होते. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना, त्यांत ज्यू निर्वासितांनाही, शत्रुराष्ट्रीय म्हणून स्थानबद्ध केले. पुण्यापासून पंचवीस मैलांवरच्या पुरंदर गडावर अशा कुटुंबांची छावणी होती. चेकोस्लोव्हाकियाचे नागरिकत्व असलेल्या कॉफमन यांच्यावर ही वेळ आली नाही. पण ज्यांच्यापासून पळून आलो त्यांचेच हस्तक म्हणून आपल्या भाषाबंधूंना डांबले जाते, हे त्यांना मुंबईत बसून पाहावे लागले.

आता मूळ धुनेकडे वळू. तिचा शिवरंजनीशी जोडला जाणारा संबंध मान्य केला, तर कॉफमन यांच्या हाती पाच स्वर येतात : षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम आणि धैवत. मध्यम नाही, निषाद नाही. युरोपीय स्वरसंहतीच्या व्याकरणात या दोन अनुपस्थितींना फार अर्थ आहे. शुद्ध निषाद हा तेथील 'ओढणारा' स्वर; तो वरच्या षड्जाकडे खेचतो आणि त्या खेचण्यातूनच वाक्य संपल्याची खूण मिळते. निषाद आणि मध्यम यांच्यातील ताण हा त्या संगीताचा पूर्णविराम होय. हे दोन्ही स्वर वगळले की पूर्णविरामच नाहीसा होतो. धून संपत नाही, थांबते. आणि तिच्या थांबण्यात काही अपुरे राहिले असेही वाटत नाही, कारण खाली तंबोरा चालूच असतो. केंद्र सुरू होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवता येईल अशा नांदीला याहून अनुरूप रचनातत्त्व सापडणे कठीण. श्रेकर यांच्या शिष्याने येथे काय केले, तर ज्या व्याकरणावर त्याचा पिंड पोसला होता त्याचा विरामच काढून टाकला. त्यांच्याच पिढीतले युरोपातील बंडखोर बारा स्वरांना समान हक्क देऊन हेच साधू पाहत होते. कॉफमन यांनी ते पाच स्वरांत साधले, आणि त्यासाठी त्यांना काही मोडावे लागले नाही. येथे ते आधीच तसे होते.

या विश्लेषणावर एक आक्षेप संभवतो. वीस-तीस सेकंदांच्या ओळखधुनेवर एवढा भार टाकावा काय? टाकावा, असे मला वाटते. मात्र त्याला साक्ष हवी. ती साक्ष अशी, की भारत सोडल्यानंतर १९५० साली कॉफमन यांनी वाद्यवृंदासाठी जी एक रचना केली तिचे नावच 'शिवरंजनी' आहे. कॅनडातल्या विनिपेगसारख्या गोठलेल्या शहरात बसून एक माणूस हा राग पुन्हा आठवतो, आणि या वेळी त्यावर सही करतो.

अशा सहीविषयी आपल्याकडे एक सोयीस्कर समज आहे. पाश्चात्त्य संगीत कर्तृप्रधान आणि आपले अपौरुषेय, अशी ती मांडणी. तिच्या आधारे कोणी म्हणेल, की कॉफमन यांची धून निनावी झाली म्हणजे ती भारतीय झाली. हे मला मुळीच मान्य नाही. आपल्या बंदिशीत मुद्रा असते. सदारंगांचे नाव ख्यालात गुंफलेले असते आणि गायक ते रोज उच्चारतो. अभंगाच्या शेवटी तुकोबा स्वतः येऊन उभे राहतात. राग कोणाचा नसेल, पण बंदीश कोणाची तरी असते. उलट कर्त्याचे नाव पुसण्याची परंपरा ही ना युरोपीय संगीताची, ना आपल्या संगीताची. ती नव्या यंत्रमाध्यमाची आणि सरकारी दप्तराची आहे. ओळखधून ही संस्थेची खूण, एखाद्या शिक्क्यासारखी. आणि शिक्का कोणी कोरला हे कोणी विचारीत नाही. कॉफमन यांच्या बाबतीत निर्वासन दोनदा घडले. देशातून हाकलले जाणे हे पहिले, आणि स्वतःच्या कृतीतून बाहेर पडणे हे दुसरे. पहिल्याची नोंद इतिहासाने घेतली. दुसरे इतक्या सौम्यपणे घडले की त्याची खबरही कोणाला लागली नाही.

येथे मराठी वाचकाला एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. १९३८ साली बाळ सीताराम मर्ढेकर नभोवाणीच्या नोकरीत शिरले आणि १९५६ साली दिल्लीत निधन पावेपर्यंत तिच्यातच राहिले. मराठी आधुनिकतेचा सर्वांत मोठा कवी आणि मध्य युरोपातून आलेला एक आधुनिक संगीतकार हे आठ वर्षे एकाच संस्थेचे पगारी नोकर होते. या योगायोगाकडे आपल्या मर्ढेकर-समीक्षेने लक्ष दिलेले नाही. 'काही कविता' आणि 'आणखी काही कविता' यांवर आपण ग्रंथालये भरून लिहिले. 'कर्ण', 'संगम', 'औक्षण', 'बदकांचे गुपित' या संगीतिका मात्र परिशिष्टात ढकलल्या. संगीतिका हा प्रकार नाट्यसंगीताच्या वैभवशाली परंपरेतून सरळ उतरलेला नाही. रंगमंच नाही, प्रेक्षक नाही, 'वन्स मोअर' नाही. केवळ ध्वनी आणि अंधारात बसलेला, न दिसणारा श्रोता. नभोवाणीसाठी रचलेली ऑपेरा हा युरोपात विसाच्या दशकात रुजलेला प्रयोग होता, आणि मुंबईत तो करून पाहणाऱ्या पहिल्या मंडळींत कॉफमन येतात. त्यांची 'अनसूया' १९३८ची. मर्ढेकरांच्या संगीतिका त्यानंतरच्या दशकातल्या. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. प्रभावशोधाचा हा छंद आपल्याकडे फार बोकाळला आहे. मुद्दा असा की दोघांनाही एकाच नव्या माध्यमाने एकच अडचण घातली : शब्द आणि स्वर यांना आधार देणारे दृश्य नाहीसे झाल्यावर रचनेची एकसंधता कशावर उभी करायची?

मर्ढेकरांनी या प्रश्नाचे उत्तर सिद्धान्ताच्या पातळीवर दिले. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी इंद्रियसंवेदनांची संघटना होते, त्यांतून सौंदर्य निष्पन्न होते, आणि साहित्यात हीच तत्त्वे अर्थाच्या भावनिक द्रव्याला लागू होतात, ही त्यांची भूमिका सर्वपरिचित आहे. रा. भा. पाटणकर आणि इतरांनी तिची कठोर चिकित्सा केली आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु या सिद्धान्ताचा कल पहिल्यापासून संगीताकडे आहे, हे नाकारता येणार नाही. मग त्याची परीक्षा संगीतावर का करू नये? कॉफमन यांच्या मुंबईतील चेंबर-रचना हे त्यासाठी जणू मुद्दाम मांडलेले उदाहरण आहे, कारण त्यांच्यात 'संवाद' या एकाच शब्दाखाली दोन परस्परविरोधी गोष्टी येतात. युरोपीय कानाला संवाद म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या भिन्न स्वरांची संगती. आपल्या कानाला संवाद म्हणजे वादीचा संवादीशी, आणि प्रत्येक स्वराचा अखंड वाजणाऱ्या षड्जाशी असलेला संबंध. पहिला संवाद क्षणाक्षणाला बदलतो, दुसरा बदलत नाही. मर्ढेकरांच्या त्रयीत या भेदाला जागा नाही. त्यांचा 'समतोल' हा बदलत्या घटकांचा समतोल आहे; ज्याच्या भोवती सारे हलते पण जो स्वतः हलत नाही अशा आधारस्वराचा विचार त्यांनी केलेला नाही. राग ऐकत वाढलेल्या भाषेत लिहिल्या गेलेल्या सौंदर्यशास्त्रात ही उणीव राहावी, हे थोडे विचित्रच आहे.

कॉफमन यांच्या कागदपत्रांत अनेक वर्षे पडून राहिलेल्या रचनांपैकी काही आता ऐकायला मिळतात. टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलने २०२० साली 'निर्वासनातले संगीत' या आपल्या मालिकेत सातवे आणि अकरावे स्ट्रिंग क्वार्टेट, व्हायोलिन-पियानोची दुसरी सोनाटा, बारावी सोनाटिना आणि सेप्टेट ध्वनिमुद्रित केले. ही तबकडी मी पुष्कळदा ऐकली. पहिल्या वेळी निराशाच झाली. भारतीय कान रागाची वाट पाहतो. राग डोकावतो आणि विस्तार न होताच निघून जातो. मंद्रातला ठहराव नाही, मींड आहे असे वाटते तोवर पियानोचा ठोका पडतो. मात्र हळूहळू वेगळेच काही ध्यानात येऊ लागते. अकराव्या क्वार्टेटमध्ये चार वाद्ये चार वाटांनी जाऊन एकमेकांना छेद देतात, ही युरोपीय क्वार्टेटची अपेक्षा अनेक ठिकाणी मुद्दाम सोडून दिलेली आहे. खालचा आवाज एका जागी खिळतो, मधले आवाज एखादी छोटी आकृती पुन्हा पुन्हा गिरवतात, आणि वरचा एकटा बोलत राहतो. पश्चिमेचे अभ्यासक यात पुढच्या काळातील मिनिमल संगीताची चाहूल शोधतात. शोधोत बापडे. मला त्यात ऐकू येतो तो साथीदार. तंबोरा, पेटी आणि तबला यांच्यामध्ये एकट्या गायकाने बसावे, तशी ही चौघांची बैठक आहे.

एडवर्ड सैद यांनी १९८४च्या निर्वासनावरील आपल्या निबंधात असे सुचवले आहे, की परागंदा माणसाची जाणीव 'काउंटरपॉइंट'सारखी असते. सोडलेला देश आणि वाट्याला आलेला देश हे दोन सूर तिच्यात एकाच वेळी वाहतात. हे रूपक आपल्याकडच्या चर्चासत्रांत फार वापरून गुळगुळीत झाले आहे. कॉफमन यांच्याबाबतीत ते रूपक राहत नाही, तंत्र बनते. आणि तंत्र म्हणून तपासले की ते अपुरे पडते. काउंटरपॉइंटमध्ये दोन्ही सूर सारखेच स्वतंत्र, सारखेच चल असतात. मुंबईच्या रचनांमध्ये तसे नाही. तेथे एक सूर गतिहीन झाला आहे. जो देश सोडला तो बदलत राहिला नाही. तो अडतीस-एकोणचाळीसनंतर नाहीसाच झाला. माणसे मारली गेली, प्रागमधली जर्मन भाषक ज्यू संस्कृती संपली, आणि परतण्याची कल्पनाही उरली नाही. अशा माणसाच्या संगीतात दुसरा सूर वाहणार कसा? तो आधारस्वरासारखा खाली वाजत राहतो. सैद यांचे प्रतिमान परतीची शक्यता गृहीत धरते, निदान परतीची आस तरी. कॉफमन यांची रचना त्याच्या पुढची अवस्था दाखवते, आणि ती दाखवण्याचे साधन त्यांना येथल्या तंबोऱ्यात सापडले, असे माझे मत आहे.

याउलटची बाजूही मांडली पाहिजे. देशीवादाच्या भूमिकेतून पाहणारा अभ्यासक विचारील, की वसाहतकालीन नभोवाणीच्या पाश्चात्त्य विभागाचा प्रमुख, विलिंग्डन जिमखान्यात युरोपीय, पारशी आणि मूठभर उच्चभ्रूंसाठी वाजवणारा, 'नवरत्नम्' आणि 'मद्रास एक्स्प्रेस' अशी शीर्षके देणारा हा संगीतकार आमच्या परंपरेचा कसा? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. 'मद्रास एक्स्प्रेस' १९४८ साली बॉस्टन पॉप्सने वाजवली. अमेरिकेतल्या उन्हाळी संध्याकाळी हलक्याफुलक्या कार्यक्रमात भारत हा एक रंगीत डबा म्हणून धावत गेला असणार. त्या वर्षीचीच दुसरी एक रचना आहे, तिचे नाव 'रात्रीचे अनोळखी शहर'. कोणते शहर, ते नाव सांगत नाही. पहिलीत बाजार आहे, दुसरीत माणूस आहे, आणि दोन्ही एकाच हाताच्या, एकाच वर्षातल्या. देशी आणि परदेशी या कोटींनी ही फूट समजत नाही, कारण या माणसाला परदेश होता, देश नव्हता. आणि हेही लक्षात घ्यावे, की प्रभातच्या चित्रपटांसाठी केशवराव भोळे पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार वापरीत होते तेव्हा त्यांना कोणी परके ठरवले नाही. बाहेरचे वाद्य आत आणणारा आपला, आणि बाहेरून येऊन आतला राग उचलणारा उपरा, हा निकष संगीताचा नाही, जन्मदाखल्याचा आहे.

परंतु या प्रकरणातला मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा धागा रचनांमध्ये नाही. तो कॉफमन यांच्या ग्रंथात आहे. १९५७ साली ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९६८ साली त्यांचा उत्तर भारतीय रागांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. दक्षिणेच्या रागांवरचा १९७६ साली. मधल्या काळात पौर्वात्य स्वरलेखनपद्धतींवर आणि तिबेटी बौद्ध पठणावर त्यांनी लिहिले. गोंड आणि बैगा यांच्या गीतांवरील लेख तर ते मुंबईत असतानाच, १९४१ साली, न्यूयॉर्कच्या 'म्युझिकल क्वार्टर्ली'त आला होता. उत्तर भारतीय रागांचा ग्रंथ दहा थाटांच्या चौकटीत रचलेला आहे. ही चौकट पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची, आणि तिचे सविस्तर विवेचन ज्यात आहे ती 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मूळ मराठीत लिहिलेली आहे. कॉफमन मुंबईस उतरले तेव्हा भातखंडे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. १९३६च्या गणेश चतुर्थीला ते गेले. ओळखधूनही त्याच वर्षाची मानली जाते.

'हिंदुस्थानी संगीत पद्धति' ही गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे, याचा आपल्या गद्याच्या इतिहासकारांनी पुरेसा विचार केलेला नाही. शिष्य शंका काढतो, गुरु उत्तर देतो, मध्येच एखाद्या खाँसाहेबांची आठवण सांगतो, एखाद्या ग्रंथकाराची थट्टा करतो, आणि जेथे निश्चित काही नाही तेथे तसे कबूल करतो. हे गद्य ऐसपैस आहे, गप्पिष्ट आहे, आणि त्याच्या गप्पिष्टपणातच त्याचे ज्ञानशास्त्र आहे : राग ही नियमांची यादी नसून मतभेदांची परंपरा होय, हे त्या रूपातून आपोआप कळते. आणखी एक गंमत. भातखंडे यांनी आपला संस्कृत ग्रंथ 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा 'चतुरपंडित' या टोपणनावाने लिहिला आणि मराठी ग्रंथात त्याच चतुरपंडिताचे दाखले प्रमाण म्हणून दिले. कर्तेपण लपवून अधिकार मिळवण्याची ही युक्ती होती. कॉफमन यांच्या ओळखधुनेत कर्तेपण लपले आणि अधिकारही गेला.

कॉफमन यांच्या ग्रंथात तो संवाद उरलेला नाही. प्रत्येक राग पाश्चात्त्य पाच रेघांवर मांडलेला. आरोह, अवरोह, महत्त्वाचे स्वर, प्रचलित स्वरसमूह, समय, भाव. सर्व काही नेटके आणि उपयुक्त. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला दुसरे काही हातात नव्हते तेव्हा या ग्रंथाने मोठे काम केले, यात शंका नाही. परंतु उस्तादाचा गळा, त्यावरून भातखंड्यांचा मराठी संवाद, त्यावरून कॉफमन यांच्या पाच रेघा, अशा तीन पायऱ्यांत नेमके काय गळाले हे पाहिले की अनुवादविचाराला चांगले खाद्य मिळते. पहिल्या पायरीवर श्रुती गळाली, हे सगळेच सांगतात. दुसऱ्या पायरीवर शंका गळाली, हे मात्र कोणी सांगत नाही. शिष्य ग्रंथातून निघून गेला. आणि ज्याने स्वतः 'दोष माझ्या कानांचा' अशी शंका घेऊन हा सारा प्रवास आरंभला, त्याच्याच ग्रंथातून शिष्य नाहीसा व्हावा, हे मला त्यांच्या आयुष्यातल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा अधिक खटकते. स्वतःच्या कानांनी राग चुकत-माकत शिकण्याची बारा वर्षे त्या पानांत कोठेच दिसत नाहीत. अकराव्या क्वार्टेटमध्ये दिसतात. विद्यापीठीय ग्रंथाने जे झाकले ते न छापलेल्या रचनेने जपून ठेवले.

पुढील हकीकत फार नाही. १९४६ साली त्यांनी भारत सोडला; इंग्लंडनंतर हॅलिफॅक्स, तेथून १९४८ साली विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे नेतृत्व, मग इंडियाना. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे भारतातील दिवस अगाता शिंडलर यांनी परिश्रमपूर्वक उजेडात आणले, तेही बहुतांशी जर्मन आणि इंग्रजी वाचकांसाठी. मराठीत त्यांच्यावर स्वतंत्र लेखन अपवादानेच आढळते.

२०२३ साली नभोवाणीचे 'ऑल इंडिया रेडिओ' हे इंग्रजी नाव अधिकृतपणे मागे पडले आणि 'आकाशवाणी' एवढेच उरले. धुनेला मात्र कोणी हात लावला नाही. ती ना इंग्रजी, ना हिंदी. तिचे भाषांतर करण्याचा प्रश्नच कोणाला पडला नाही. गेल्या महिन्यात पदव्युत्तर वर्गात मी ती वाजवली आणि ही कोणाची, असे विचारले. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ही कोणाची कशी असेल? ही रेडिओची आहे." मग मी अकराव्या क्वार्टेटचा एक भाग लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि शेवटी तिने विचारले, की यातला तंबोरा कोण वाजवतंय. त्यात तंबोरा नाही, हे मी तिला लगेच सांगितले नाही.